कॅलेंडरवरच्या टिकल्या

‘‘आजी, तुला पाणी आणून दिलं तर किती स्टार?’’

परवा पुण्याला मुलाकडे गेले होते. स्टेशनपासून रिक्षानं घामाघूम होऊन पोचले, सोफ्यावर टेकले आणि पाच वर्षांच्या नातीला म्हटलं, ‘‘बाळा, आजीला पाणी देतेस?’’ तर तिनं कमरेवर हात ठेवून हा व्यवहार पुढे केला. मी सूनबाईकडे पाहिलं. ती ओशाळली. ‘‘अहो आई, सध्या आमच्याकडे सगळं स्टारवर चाललंय,’’ असं म्हणून तिनं फ्रीजकडे बोट दाखवलं.

फ्रीजच्या दारावर लोहचुंबकानं लावलेला तक्ता होता. वर सात वार, डावीकडे कामांची यादी. न रडता दात घासणं, खेळून झालं की खेळणी टोपलीत टाकणं, मोबाईल न बघता जेवणं. चौकोनांत सोनेरी चांदण्या. आठवड्यात पंधरा चांदण्या झाल्या की रविवारी बाबाबरोबर सायकलवरून फेरफटका. सगळं नीटनेटकं, रंगीत, छापील. फक्त तक्त्याची शेवटची ओळ पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून झाकून टाकली होती.

‘‘तिथं काय होतं गं?’’

‘‘रात्री अंथरूण कोरडं. अजून कधीमधी होतं हिचं. यानं ऑफिसमधून आल्यावर ती ओळ पाहिली आणि पट्टीच चिकटवली. विचारलं तर म्हणाला, ते तिच्या हातात नाही. एवढंच बोलला, मग जेवायला बसला.’’

मी पुढे काही विचारलं नाही. या विषयावर माझ्या मुलाला काही विचारण्याचा अधिकार मी १९९६ सालीच घालवून बसले आहे.

तेव्हा आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांत राहत होतो. मी बँकेत नोकरीला, सकाळी लोकल पकडायची ती संध्याकाळी सातच्या पुढे घरी. सासूबाई घरात होत्या म्हणून निभत होतं. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. हुशार, हसरा, शाळेत कधी तक्रार नाही. पण रात्री अंथरूण ओलं करायचा. आठवड्यातून चारपाच वेळा. गादीवर मेणकापड, मेणकापडावर चादर, चादरीवर जुनी गोधडी, आणि तरीही सकाळी गॅलरीच्या कठड्यावर गादी वाळत घातलेली. समोरच्या इमारतीला आमची रात्र कशी गेली ते रोज कळायचं.

सासूबाईंनी काळे तीळ आणि गूळ खाऊ घातला. संध्याकाळी सहानंतर पाणी तोडून पाहिलं. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, आणि एकदा, सकाळच्या घाईत, पाठीत धपाटाही घातला. शेवटी कुठल्याशा मासिकात वाचलं की परदेशात मुलांना चांगलं वागायला लावण्यासाठी तक्ता करतात, चांगला दिवस गेला की त्यावर चांदणी लावतात, अमुक चांदण्या झाल्या की बक्षीस. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. मला एकदम पटलं. शिकल्यासवरल्या आईला शोभेल असा उपाय!

चांदण्या आणायला वेळ नव्हता. माझ्या टिकल्यांचं पाकीट होतं. वेगळा तक्ता करायलाही वेळ नव्हता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय होतंच. त्याच्या चौकोनांत दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीच्या सुट्ट्या असा आमचा सगळा प्रपंच लिहिलेला असायचा. त्यातच ठरलं, की रात्र कोरडी गेली तर त्या तारखेला लाल टिकली. ओळीनं दहा टिकल्या झाल्या तर बॅट. त्या वर्षी वर्ल्ड कप आपल्याकडे झाला होता. गल्लीतला प्रत्येक मुलगा सचिन झाला होता आणि आमच्या चिरंजिवांना दुसऱ्याची बॅट मागून खेळावं लागत होतं. बॅट हे काही लहानसहान आमिष नव्हतं. आणि ओळीनं दहा, मध्ये एक जरी रात्र ओली गेली तरी पुन्हा एकपासून. हा नियम माझा. बँकेतल्या बाईला हिशेब कडक लागतो.

पहिल्या आठवड्यात तीन टिकल्या लागल्या, पण सलग नाहीत. एकदा सलग चार झाल्या आणि पाचव्या रात्री गेल्या. त्यानं त्या चौकोनाकडे पाहिलं आणि काही न बोलता दप्तर भरायला लागला. मला वाटलं, वा, किती समजूतदारपणे घेतो!

मग एकदा संकष्टी होती. शेजारच्या काकू चंद्रोदयाची वेळ बघायला आमच्याकडे आल्या. कालनिर्णयापुढे उभ्या राहून त्यांनी वेळ पाहिली आणि सहज विचारलं, ‘‘या टिकल्या कसल्या गं लावल्यास?’’ मी कणीक मळत होते. मी हसत हसत सांगून टाकलं. सगळं सांगितलं. अंथरूण, बॅट, दहाचा नियम. त्याही हसल्या. ‘‘बरी युक्ती आहे हो!’’ म्हणाल्या. मुलगा दारापाशी बसून पाढे लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याचं लक्ष नसावं असं मी धरून चालले.

पुढच्या पंधरवड्यात चमत्कार झाला. एकामागून एक आठ टिकल्या! मी बँकेत मैत्रिणींना सांगितलं. नवऱ्यानं येताना बॅटची किंमतही विचारून ठेवली. आमच्याकडे तेव्हा नगरपालिकेचं पाणी पहाटे साडेचारला यायचं, तासभरच. नवव्या दिवशी पहाटे मी पाणी भरायला उठले. दिवा लावला तर मुलगा भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. डोळे लाल.

‘‘अरे, झोपला नाहीस?’’

‘‘झोपलो नाही तर ओलं होत नाही,’’ तो म्हणाला.

किती रात्री तो असा बसून काढत होता ते मी विचारलं नाही. नळाला पाणी आलं होतं. मी बादली लावली आणि मोरीतच बसून राहिले.

त्याच संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. फार मोठे तज्ज्ञ नव्हेत, एमबीबीएस झालेले, गल्लीत दवाखाना असलेले. त्यांनी लघवी तपासून घेतली, पोट साफ होतं का, दिवसा त्रास होतो का, असे साधे प्रश्न विचारले आणि मग टिकल्यांची हकिकत शांतपणे ऐकून घेतली. म्हणाले, ‘‘बाई, जे घडतं तेव्हा तो गाढ झोपलेला असतो. त्याबद्दल तुम्ही त्याला बक्षीस देणार की शिक्षा करणार, दोन्ही सारखंच.’’ मग सांगितलं की सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा मुलांचं असं होतं, मुलग्यांत जास्त, बहुतेकांचं वाढत्या वयाबरोबर आपोआप थांबतं, आणि आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता वाढते.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, ‘‘याचा बाप मुंजीपर्यंत भिजवत होता. मुंजीच्या आदल्या रात्रीसुद्धा!’’ आमचे हे वर्तमानपत्राच्या आड होते. ते आडच राहिले. इतके महिने या माणसानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता!

डॉक्टरांनी टिकल्या बंद करायला सांगितलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. त्यांनी फक्त टिकली कशाला लावायची ते बदललं. दिवसभरात शाळेची पाण्याची बाटली संपवली, झोपण्यापूर्वी न सांगता बाथरूमला जाऊन आला, आणि ओलं झालंच तर सकाळी चादर स्वतः बादलीत नेऊन टाकली, या तीन गोष्टींना टिकली. रात्र कशी गेली याचा उल्लेखच नाही. लावलेली टिकली काढायची नाही, मोजणी पुन्हा एकपासून करायची नाही. आणि कॅलेंडरवर नाही. त्याची त्यानं एक वही करायची आणि ती त्याच्याच दप्तरात राहील. पुढे बऱ्याच वर्षांनी, इंग्लंडच्या ‘नाईस’ या आरोग्यविषयक संस्थेनं २०१० साली डॉक्टरांसाठी काढलेल्या सूचना माझ्या वाचनात आल्या. त्यांत हेच लिहिलेलं आढळलं. बक्षीस कोरड्या रात्रीबद्दल नको, मुलाशी ठरवलेल्या, त्याला करता येणाऱ्या गोष्टींबद्दल द्या. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी ते चौदा वर्षं आधी चाळीस रुपयांत सांगितलं होतं.

माझी चूक कुठे झाली हे शोधण्याच्या नादात मी या तक्त्यांच्या मागे बरीच लागले. निवृत्त झाल्यावर तर जास्तच. तक्त्याचं मूळ बालवाडीत नाही, प्रयोगशाळेत आहे. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर दाखवून दिलं की ज्या कृतीनंतर लगेच काही चांगलं मिळतं ती कृती पुन्हा पुन्हा होते. १९६० च्या दशकात ऐलॉन आणि ॲझरिन यांनी इलिनॉय राज्यातल्या एका मनोरुग्णालयात हे माणसांवर करून पाहिलं. वर्षानुवर्षं वॉर्डात पडून असलेल्या रुग्णांना नेमून दिलेली कामं केली की टोकन द्यायचं, टोकनच्या बदल्यात हवी ती सवलत. रुग्ण कामाला लागले. पण काम करो वा न करो, टोकन मिळणारच असं ठरवल्यावर काम झपाट्यानं घसरलं. तक्ता काम करतो, यात वाद नाही. वाद आहे तो, तक्ता उतरवल्यावर काय उरतं याचा.

त्याचं उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, रंगीत पेनांनी चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत असलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात ठेवली. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं, ती मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ चित्र काढत होती. ज्यांना अचानक मिळालं त्यांच्यावर परिणाम नाही. म्हणजे जे मूल आनंदासाठी करत होतं त्याला आपण मजुरी लावली आणि मजुरी थांबताच त्यानं काम थांबवलं. माझी नात एरवी उड्या मारत पाणी आणायची. आता आधी दर विचारते.

आपल्याकडे ही शंका फार जुनी आहे. माँटेसरीबाईंनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली पहिलं बालगृह काढलं. तिथली एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. एका मुलाला शाबासकी म्हणून गळ्यात पदक घातलेलं, दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवलेलं. पदकवाला आपल्या कामात इतका गुंग की पदक खाली पडलं तरी त्याला पत्ता नाही. खुर्चीतल्यानं ते उचलून विचारलं, मी घालू का? घाल की, असं म्हणून हा पुन्हा कामाला! गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला जी बालशिक्षणाची वाट पाडली, आणि ताराबाईंनी पुढे महाराष्ट्रात आणली, तिच्यात मार आणि बक्षीस दोन्हींना सारखाच मज्जाव होता. आमच्या पिढीच्या आयांनी मार बंद करायचा हे त्यांच्याकडून उचललं. बक्षिसाचं मात्र सोयीस्करपणे विसरलो.

पण म्हणून तक्ते फाडून टाका, असं मी म्हणणार नाही. दात घासण्याची अंगभूत आवड असलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. जिथं मुळात गोडी नाहीच तिथं ती मरायची कशी? १९९९ साली डेसी, कोस्नर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचा एकत्र धांडोळा घेतला. त्यांच्या मते घोटाळा होतो तो मुलाला आवडणाऱ्या गोष्टीवर आधी कबूल केलेलं, हातात देण्याजोगं बक्षीस लावल्यानं. हेच मत सर्वांना मान्य आहे असंही नाही, उलट बाजूनं लिहिणारे संशोधकही आहेत. पण घरापुरता निष्कर्ष मी काढला आहे. गोष्टीची पुस्तकं वाचणं, चित्र काढणं, आजीला पाणी देणं यांना चांदणी लावू नये. दात, दप्तर, चपला यांना खुशाल लावावी. आणि ज्या मुलांचं लक्ष एका जागी ठरत नाही, ज्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त ‘नको करूस’ एवढंच ऐकायला मिळतं, त्यांच्या उपचारात तर असे तक्ते तज्ज्ञ मंडळी मुद्दाम वापरतात. अशा मुलाला दिवसातून तीनदा कुणी ‘हे छान केलंस’ म्हणणं हीच मोठी गोष्ट असते.

तक्ता करताना शब्द मात्र जपून लिहावेत. ‘शहाण्यासारखं वागणं’ असं लिहिलं की भांडणाची तरतूद झाली. शहाणं म्हणजे काय ते रोज रात्री कोण ठरवणार? ‘शाळेतून आल्यावर चपला कपाटात’ याला वकील लागत नाही. चांदणी लगेच लावायची, रात्री हिशेब करत बसायचं नाही. लहान मुलाला सकाळचं काम रात्री आठवतही नसतं. बक्षीस लहानच बरं. आणि वेळ देण्याचं असेल तर आणखी बरं. नातीच्या तक्त्यातली बाबाबरोबरची सायकल मला म्हणूनच आवडली. तीनचार आठवड्यांत सवय लागली की एकेक ओळ हळूच गाळून टाकायची, मुलालाही फारसं कळत नाही.

अवघड असतं ते मिळालेली चांदणी काढून न घेणं. राग आला की हात प्रथम तक्त्याकडे जातो. ‘थांब, तुझे दोन स्टार कमी करते!’ मी बँकेत असताना आमच्या शाखेच्या भिंतीवरही ठेवींचा तक्ता असायचा. एकतीस मार्चला ओळखीच्या खातेदारांच्या हातापाया पडून ठेवी आणायच्या आणि एप्रिल उजाडताच परत करायच्या, हा खेळ आम्ही मोठी माणसं बिनदिक्कत खेळलो. माझ्या सात वर्षांच्या मुलानं निदान रात्र रात्र जागून आपला आकडा खरा केला होता.

दुसऱ्या वहीतल्या टिकल्या पाचसहा आठवडे चालल्या. मग एक दिवस वही दप्तराच्या तळाशी गेली आणि कुणी ती शोधली नाही. अंथरूण ओलं होणं त्यानंतरही चालूच होतं, कमी कमी होत चौथीत थांबलं. टिकल्यांनी ते थांबवलं असं मी म्हणणार नाही. सकाळी चादर बादलीत टाकून तो शीळ घालत अंघोळीला जायचा, एवढा फरक मात्र पहिल्या आठवड्यातच पडला होता. बॅट नवऱ्यानं कुठल्याच हिशेबाशिवाय आणली, वाढदिवस नसताना.

पुण्याला त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलगा गॅलरीत कपडे काढत होता. मी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत आम्ही या विषयावर एकदाही बोललो नव्हतो.

‘‘तुला त्या टिकल्या आठवतात का रे?’’

‘‘बॅट आठवते,’’ तो हसला. मग चिमटे डब्यात टाकता टाकता म्हणाला, ‘‘आणि तू काकूंना सांगितलंस ते. मी सतराचा पाढा लिहीत होतो.’’

‘‘मला वाटलं, तुझं लक्ष नव्हतं.’’

‘‘ऐकलं होतं मी.’’

रागानं नाही म्हणाला. कपड्यांची चळत उचलून आत गेला. मला त्या क्षणी काहीतरी म्हणायला हवं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हटलं. फार उशिरा आणि फार थोडक्यात. त्यानं ‘‘अगं आई, सोड’’ म्हणून बिस्किटाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

तोवर सूनबाईनं, कुणी न सांगता, फ्रीजवरचा तक्ता काढून नातीच्या कपड्यांच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला लावला होता, तिच्या उंचीला. नात मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. दार उघडून एकेक चांदणी दाखवत होती. ही सोमवारची, ही दातांची, ही खेळण्यांची. बोट खाली सरकत पांढऱ्या पट्टीपाशी आलं.

‘‘आणि हे?’’ मी विचारलं.

‘‘हे बाबानी चिकटवलंय,’’ ती म्हणाली. ‘‘इथं काहीच नसतं.’’ आणि तिनं दार लावून घेतलं.